शंका-समाधान : ‘डिस्ट्रॉय’नं मशीन नष्ट होत नाही

या खेपेला केव्हीएम (लिनक्सवर आभासी संगणक, म्हणजे ‘मशीनं’, चालवायची सोय) आणि लिबव्हर्ट (त्यांचा कारभार पाहणारं सॉफ्टवेअर) यांवर इतके प्रश्न आले, की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. सदराच्या रिवाजाप्रमाणे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं किंवा स्पेलिंगचा घोटाळा होऊ शकतो, तिथे तसं सांगितलं आहे. ‘व्हर्श’ ही लिबव्हर्टला हुकूम द्यायची कमांड, म्हणजे व्ही-आय-आर-एस-एच. उदाहरणांत मशीनचं नाव ‘वेब१’ धरलं आहे.

प्रश्न : ग्राफिकल मॅनेजरमध्ये तीन मशीनं दिसतात. टर्मिनलवर ‘व्हर्श लिस्ट’ दिलं की रिकामा तक्ता येतो. ‘--ऑल’ लावलं तरी तेच. मशीनं गेली कुठे?

मशीनं जागच्या जागी आहेत, तुम्ही शेजारच्या घरात शोधताय. लिबव्हर्टची दोन वेगळी दालनं असतात, ‘सिस्टिम’ आणि ‘सेशन’. ग्राफिकल मॅनेजर सहसा सिस्टिमला जोडतो. साध्या युजरनं चालवलेलं व्हर्श मात्र काही न सांगता सेशनला जोडतं. सेशन हे त्या युजरपुरतं खासगी दालन आहे, त्याची मशीनं होम फोल्डरमध्येच राहतात. आपण कुठे उभे आहोत ते ‘व्हर्श यूआरआय’नं कळतं. मग हे करून पाहा :

व्हर्श -सी क्यूएमू:///सिस्टिम लिस्ट --ऑल

इथे तीन तिरप्या रेघा आहेत. दोनच दिल्या तर ‘सिस्टिम’ हे दुसऱ्या संगणकाचं नाव समजून व्हर्श नेटवर्कवर त्याला शोधायला जातं. रोज -सी लिहिणं टाळायचं असेल तर ‘लिबव्हर्ट_डिफॉल्ट_यूआरआय’ हे व्हेरिएबल (सगळी अक्षरं मोठी) शेलच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवा. परवानगी नाकारली गेली तर आपला युजर ‘लिबव्हर्ट’ गटात घाला आणि एकदा लॉगआउट होऊन परत या, त्याशिवाय नवा गट लागू होत नाही. मात्र या गटातला माणूस होस्टवर, म्हणजे मशीनं ज्यावर चालतात त्या मूळ संगणकावर, जवळजवळ रूटच (सर्वाधिकारी) असतो. कोणालाही सहज घालण्यासारखा हा गट नाही.

कधी सुडोसकट (रूटच्या अधिकारानं) आणि कधी सुडोशिवाय काम करायची सवय असेल तर ती सोडा. एकाच नावाची दोन मशीनं दोन दालनांत तयार होतात आणि मग बदल एकात करून दुसरं तपासत बसावं लागतं.

प्रश्न : ‘व्हर्श शटडाउन वेब१’ दिलं की ‘बंद होत आहे’ असं उत्तर येतं, पण अर्ध्या तासानंही मशीन चालूच असतं. ‘डिस्ट्रॉय’ द्यावं असं वाचलं, पण त्या शब्दाचीच धास्ती वाटते. डिस्क उडाली तर?

डिस्क उडत नाही. नावं ठेवणाऱ्यांनी नावं विचित्र ठेवली आहेत, एवढंच. पण त्यामागची रचना समजून घेतली तर या पानावरचे निम्मे प्रश्न पडणार नाहीत, म्हणून इथे जरा थांबू.

प्रत्येक मशीनचे तीन थर असतात. पहिला म्हणजे लिहून ठेवलेली व्याख्या : मेमरी किती, डिस्क कुठली, नेटवर्क कोणतं, हे सांगणारी एक्सएमएल फाइल. दुसरा म्हणजे ती व्याख्या वाचून होस्टवर चालू झालेली क्यूएमू (आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) प्रोसेस. तिसरा म्हणजे त्या प्रोसेसच्या पोटात चालणारी गेस्ट ऑपरेटिंग सिस्टिम. व्हर्शची कमांड यांपैकी कुठल्या थराला हात लावते, हे आधी विचारायचं.

‘शटडाउन’ तिसऱ्या थराला विनंती करतं. संगणकाचं पॉवर बटण हलकेच दाबल्यासारखा एसीपीआयचा इशारा गेस्टला जातो. व्हर्शचं उत्तर ‘इशारा पाठवला’ एवढंच सांगतं, गेस्टनं तो ऐकला की नाही याची त्यात हमी नाही. न ऐकण्याची कारणं ठरलेली आहेत : अगदी छाटलेल्या लिनक्समध्ये इशारा ऐकणारी सेवाच नसते, डेस्कटॉप असलेला गेस्ट ‘खरंच बंद करू?’ अशी खिडकी उघडून उत्तराची वाट पाहत बसतो. विंडोजमध्ये पॉवर बटणाला ‘स्लीप’ लावलेलं असतं. किंवा गेस्ट अजून बूटलोडरवरच असतो, तिथे ऐकायला कोणीच नसतं.

यावर चांगला इलाज म्हणजे गेस्टमध्ये ‘क्यूएमू-गेस्ट-एजंट’ हे पॅकेज टाकणं. होस्टकडे त्याच्याशी बोलणारं चॅनेल एक्सएमएलमध्ये असावं लागतं. व्हर्ट-इन्स्टॉलनं (नवं मशीन बसवायची कमांड) बनवलेल्या लिनक्स मशीनमध्ये ते बहुधा असतं. एजंट जिवंत आहे का ते ‘व्हर्श डॉमटाइम वेब१’नं कळतं, कारण हा वेळ एजंटच सांगतो. मग :

व्हर्श शटडाउन वेब१ --मोड एजंट

‘डिस्ट्रॉय’ दुसऱ्या थरावर चालतं : क्यूएमू प्रोसेस मारून टाकतं. भिंतीतला प्लग ओढल्यासारखं. डिस्क इमेज (मशीनची डिस्क जिच्यात असते ती फाइल) आणि व्याख्या दोन्ही जागेवर राहतात. गेस्टच्या मेमरीत असलेला, डिस्कवर न लिहिलेला मजकूर मात्र जातो. आजच्या जर्नल असलेल्या फाइल सिस्टिम पुढच्या बूटला सावरतात. डेटाबेसही आपली नोंदवही वाचून सावरतात, फक्त चालू व्हायला जास्त वेळ घेतात, तेव्हा घाबरून पुन्हा डिस्ट्रॉय देऊ नका. आधी ‘--ग्रेसफुल’ लावून पाहा. त्यानं प्रोसेसला नीट आवरून बाहेर पडायला सांगितलं जातं, आणि ती ऐकत नसेल तर जबरदस्ती न करता चूक दाखवली जाते.

खरी जपायची कमांड आहे ‘अनडिफाइन’. ती पहिल्या थरावर, म्हणजे व्याख्येवर घाव घालते. तिला ‘--रिमूव्ह-ऑल-स्टोरेज’ जोडलं तर डिस्क इमेजही जातात, आणि परत विचारलंही जात नाही. म्हणून आधी व्याख्येची प्रत काढा :

व्हर्श डम्पएक्सएमएल वेब१ > वेब१.एक्सएमएल

पुढे कधी ‘व्हर्श डिफाइन वेब१.एक्सएमएल’ दिलं की मशीन परत यादीत येतं. यूईएफआय (नव्या पद्धतीचं बूट फर्मवेअर) असलेलं मशीन साध्या अनडिफाइनला दाद देत नाही, त्याला ‘--एनव्हीरॅम’ किंवा ‘--कीप-एनव्हीरॅम’ यांपैकी एक सांगावं लागतं.

एक अपवाद राहिला. मशीन ‘डिफाइन’ न करता थेट ‘व्हर्श क्रिएट’नं चालू केलं असेल तर त्याला साठवलेली व्याख्याच नसते. ते डिस्ट्रॉय केलं, अगदी नीट शटडाउन केलं, तरी यादीतून नाहीसं होतं. ‘व्हर्श डॉमइन्फो वेब१’मध्ये ‘पर्सिस्टंट’पुढे ‘येस’ आहे ना, ते पाहून घ्या.

प्रश्न : ‘व्हर्श कन्सोल वेब१’ दिल्यावर काळा पडदा येतो, कितीही एंटर दाबलं तरी लॉगिन येत नाही. आणि बाहेरही पडता येत नाही.

बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस एकत्र दाबा. काळ्या पडद्याचं कारण गेस्टमध्ये आहे. तुम्ही सिरियल तारेच्या या टोकाला बसला आहात, त्या टोकाला कोणी फोन उचलत नाही. गेस्टमध्ये शिरून हे द्या (टीटीवायएस० यातला ‘एस’ तेवढा मोठा) :

सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल --नाऊ सिरियल-गेटी@टीटीवायएस०.सर्व्हिस

लॉगिन लगेच येईल. बूट होतानाचे संदेशही हवे असतील तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमधल्या कर्नल ओळीत ‘कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००’ जोडा आणि डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-ग्रब’ चालवा. दोन्हींपैकी शेवटी लिहिलेलं कन्सोल मुख्य धरलं जातं, म्हणून क्रम बदलू नका.

गेस्टमध्ये शिरायला नेटवर्क नाही आणि व्हीएनसीही नाही, अशी कोंडी असेल तर मशीन पूर्ण बंद करून होस्टवरून तीच सेटिंग करता येते : ‘व्हर्ट-कस्टमाइझ -डी वेब१ --रन-कमांड’ आणि पुढे अवतरणात वरची इनेबल कमांड, सुडो आणि ‘--नाऊ’ वगळून. चालू मशीनवर व्हर्ट-कस्टमाइझ कधीही चालवू नका, एकाच फाइल सिस्टिमवर दोघं लिहायला लागले की ती फाटते.

नवं मशीन बसवतानाच सिरियल हवं असेल तर व्हर्ट-इन्स्टॉलला ‘--ग्राफिक्स नन’ आणि ‘--एक्स्ट्रा-आर्ग्ज’मध्ये कन्सोल द्या, पण मग आयएसओ ‘--सीडीरॉम’नं न देता ‘--लोकेशन’नं द्यावी लागते. सीडीरॉमच्या वाटेनं कर्नलला बाहेरून शब्द पोहोचवता येत नाही.

प्रश्न : मशीन अचानक गोठलं. पिंग नाही, एसएसएच नाही. यादीत ‘पॉज्ड’ दिसतं, मी तर पॉज केलेलं नाही. रीसेट देऊ का?

अजिबात नाही. आधी कारण विचारा :

व्हर्श डॉमस्टेट वेब१ --रीझन
व्हर्श डॉमब्लकएरर वेब१

(‘ब्लक’ म्हणजे बी-एल-के.) पहिलीच्या उत्तरात ‘आय/ओ एरर’ आणि दुसरीत ‘नो स्पेस’ आलं तर होस्टची डिस्क भरली आहे. गेस्टनं लिहायला काढलेला मजकूर मावला नाही, तेव्हा क्यूएमूनं मशीन जागच्या जागी थांबवलं. हा शहाणपणाचा भाग आहे : गेस्टला चूक कळवली असती तर त्याची फाइल सिस्टिम बिघडली असती किंवा फक्त-वाचनीय झाली असती. ते अडलेलं लिखाण अजून रांगेत आहे. रीसेट किंवा डिस्ट्रॉय दिलंत तर ते गेलं.

होस्टवर ‘डीएफ -एच’ पाहा, जुन्या आयएसओ, लॉग, नको असलेल्या प्रती काढून काही जीबी मोकळे करा. मग ‘व्हर्श रिझ्यूम वेब१’. अडलेलं लिखाण पुन्हा होतं आणि गेस्टला काही झाल्याचं कळतही नाही, फक्त त्याचं घड्याळ मागे पडलेलं असू शकतं. एजंट असेल तर ‘व्हर्श डॉमटाइम वेब१ --नाऊ’नं ते जुळवा.

आता पुन्हा तसं होऊ नये म्हणून. क्यूकाउ२ (क्यूएमूचा डिस्क इमेजचा प्रकार) इमेज लागेल तशी वाढते, पण गेस्टमध्ये फाइल पुसल्या तरी आपणहून आकसत नाही. पुसलेली जागा होस्टला परत मिळावी म्हणून ‘व्हर्श एडिट वेब१’ उघडून डिस्कच्या ‘ड्रायव्हर’ ओळीत डिसकार्ड=‘अनमॅप’ घाला. मग मशीन पूर्ण बंद करून चालू करा. गेस्टच्या आतून रीबूट केलेलं चालत नाही, कारण क्यूएमू प्रोसेस जुनीच राहते आणि ती जुनीच व्याख्या धरून असते. त्यानंतर गेस्टमध्ये ‘एफएसट्रिम -एव्ही’. व्हर्टिओ-ब्लक डिस्कवर ही सोय क्यूएमू ४.० आणि गेस्टमधल्या लिनक्स ५.० पासून आहे. त्याआधीच्या जोडीसाठी डिस्क व्हर्टिओ-स्कझीवर घ्यावी लागते. एकदाच जागा काढायची असेल तर मशीन बंद करून ‘व्हर्ट-स्पार्सिफाय --इन-प्लेस’ पुरतं.

सगळ्या इमेजच्या आभासी आकारांची बेरीज एकदा करून पाहा. ती होस्टच्या डिस्कपेक्षा जास्त असेल तर हा प्रसंग परत येणारच, फक्त तारीख ठरलेली नाही.

प्रश्न : प्रत्येक अपडेटआधी ‘--डिस्क-ओन्ली’ स्नॅपशॉट घेतो. इमेजच्या फोल्डरमध्ये आता सहा फाइल झाल्या आहेत आणि जागा संपत आलीय. जुन्यांपैकी कुठल्या पुसू?

एकही नाही. ‘आरएम’वरून हात काढा आणि पुढचं नीट वाचा.

डिस्क-ओन्ली स्नॅपशॉट म्हणजे प्रत नव्हे. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी जुनी फाइल गोठते आणि तिच्यावर एक रिकामी फाइल चढते. त्यानंतरचं सगळं लिखाण वरच्या फाइलमध्ये जातं. जे तिथे नाही ते खालून वाचलं जातं. तुमच्या सहा फाइल म्हणजे एकावर एक रचलेली सहा पारदर्शक पानं आहेत आणि गेस्टला दिसणारं चित्र सहाही मिळून होतं. सर्वांत जुनी फाइल हा पाया आहे. ती पुसलीत तर वरच्या पाचांत नुसते तुकडे उरतील.

साखळी पाहायची अशी (‘यू’ मोठं, चालू मशीनची इमेज नुसती वाचायची परवानगी त्यानं मिळते) :

व्हर्श डॉमब्लकलिस्ट वेब१
क्यूएमू-आयएमजी इन्फो -यू --बॅकिंग-चेन वरची-फाइल

पहिली कमांड सध्या लिहिली जाणारी सर्वांत वरची फाइल सांगते, दुसरी तिच्याखालच्या सगळ्या. दोन्हींचं उत्तर कुठेतरी लिहून ठेवा.

मशीन ठीक चाललं असेल आणि मागे जायचं नसेल तर सगळी पानं पायात विरघळवा. मशीन चालू असतानाच हे करता येतं :

व्हर्श ब्लॉककमिट वेब१ व्हीडीए --ॲक्टिव्ह --पिव्हट --व्हर्बोज

‘व्हीडीए’ हे डिस्कचं नाव, ते डॉमब्लकलिस्टमध्ये दिसतं. तळाची फाइल न सांगितल्यास पूर्ण साखळी पायात उतरते. आधी जागेचा हिशेब करा : पाया फुगतो, आणि वरच्या फाइल काम संपेपर्यंत जागा अडवून असतात. पायाची वाढ वरच्या फाइलच्या बेरजेएवढी होऊ शकते, तेवढी मोकळी जागा आधी ठेवा. मध्ये काय चाललंय ते दुसऱ्या टर्मिनलवरून ‘व्हर्श ब्लॉकजॉब वेब१ व्हीडीए --इन्फो’नं दिसतं. शंभर टक्के होऊनही मशीन वरच्याच फाइलवर राहिलं, असं ‘--पिव्हट’ विसरल्यास होतं; तेव्हा ‘व्हर्श ब्लॉकजॉब वेब१ व्हीडीए --पिव्हट’ द्या.

मग परत डॉमब्लकलिस्ट. तिथे पायाचं नाव दिसलं, तरच वरच्या पाच फाइल पुसा. लिबव्हर्टच्या वहीत स्नॅपशॉटच्या नोंदी अजून असतात, त्या ‘व्हर्श स्नॅपशॉट-डिलीट वेब१ नाव --मेटाडेटा’नं एकेक काढा. ‘--मेटाडेटा’ म्हणजे फक्त नोंद पुसा, फाइलला हात लावू नका.

या रचनेत माणसं सर्वांत जास्त फसतात ती पायाच्या फाइलवरून दुसरं मशीन चालू करून, किंवा ‘जरा जुनं बघू’ म्हणून एक्सएमएलमध्ये पायाचं नाव घालून. पायात एक अक्षर बदललं की वरचे थर त्याच्याशी जुळत नाहीत. चूक लगेच दिसत नाही. काही दिवसांनी फाइल सिस्टिम कुरकुरायला लागते. जुनी अवस्था बघायचीच असेल तर त्या फाइलवर नवी रिकामी फाइल चढवा आणि ती उघडा :

क्यूएमू-आयएमजी क्रिएट -एफ क्यूकाउ२ -बी पाया.क्यूकाउ२ -एफ क्यूकाउ२ चाचणी.क्यूकाउ२

यात दुसरा ‘एफ’ मोठा आहे. तो पायाचा प्रकार सांगतो आणि नव्या क्यूएमूत सक्तीचा आहे.

आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, सगळ्या फाइल एकाच डिस्कवर आहेत. पण बॅकअप घ्यायला तो कामाला येतो. चालू मशीनची इमेज ‘सीपी’नं उचलली तर प्रत अर्धी आधीची, अर्धी नंतरची अशी निघते. त्याऐवजी :

व्हर्श स्नॅपशॉट-क्रिएट-ॲज वेब१ तात्पुरता --डिस्क-ओन्ली --ॲटॉमिक --क्विएस --नो-मेटाडेटा

‘क्विएस’साठी गेस्टमध्ये एजंट लागतो, तो फाइल सिस्टिम क्षणभर थांबवतो, म्हणून प्रत स्वच्छ निघते. आता खालची फाइल गोठली आहे, ती दुसऱ्या डिस्कवर निवांत कॉपी करा. झालं की वरचीच ब्लॉककमिटची कमांड, मग ती तात्पुरती फाइल पुसा, आणि डम्पएक्सएमएलची प्रत सोबत ठेवा. तात्पुरती फाइल पुसायची राहिली तर पुढच्या खेपेला त्याच नावाची फाइल आधीच आहे म्हणून स्नॅपशॉट अडू शकतो.

प्रश्न : व्हर्ट-क्लोननं दुसरं मशीन केलं. मॅक ॲड्रेस वेगळा आहे, तरी दोघांना एकच आयपी मिळतो. असं कसं?

कारण डीएचसीपीकडे (आयपी वाटणारी सेवा) ओळख मॅकनंच पटवली जाते असं नाही. बऱ्याच नव्या लिनक्समध्ये गेस्ट आपली ओळख /ईटीसी/मशीन-आयडी या फाइलवरून बनवतो, आणि क्लोन करताना ती फाइल जशीच्या तशी जाते. ‘व्हर्श नेट-डीएचसीपी-लीझेस डिफॉल्ट’मध्ये क्लायंट आयडीचा रकाना पाहा, दोन्हीकडे तोच असेल.

झालेल्या क्लोनच्या आत ‘सुडो ट्रंकेट -एस ० /ईटीसी/मशीन-आयडी’ देऊन रीबूट करा. फाइल रिकामी करायची आहे, पुसायची नाही. रिकामी दिसली की सिस्टिमडी बूटवेळी नवी ओळख लिहितं. /व्हार/लिब/डीबस/मशीन-आयडी ही त्याच फाइलकडे बोट दाखवणारी लिंक आहे ना, तेही पाहा. तिथे वेगळी फाइल असेल तर जुनी ओळख तिथून परत येते.

पुढच्या वेळी क्लोन पहिल्यांदा चालू करण्याआधीच ‘व्हर्ट-सिसप्रेप -डी वेब२’ चालवा. ते मशीन-आयडी, एसएसएचच्या होस्ट किल्ल्या, लॉग असं सगळं धुऊन काढतं. डेबियन-उबुंटूवर मात्र गेलेल्या किल्ल्या बहुधा आपोआप तयार होत नाहीत आणि एसएसएच सेवा उठतच नाही. म्हणून त्याच कमांडला ‘--फर्स्टबूट-कमांड’ जोडून त्यात ‘एसएसएच-कीजेन -ए’ (‘ए’ मोठा) आणि सेवा रीस्टार्ट करायची कमांड द्या. गेस्टमध्ये आयपी हातानं लिहिलेला असेल तर तो सिसप्रेप बदलत नाही, तो तुम्हीच बदलायचा.

प्रश्न : ४ जीबी द्यायचे म्हणून ‘व्हर्श सेटमेम वेब१ ४०९६’ दिलं, मशीन लगेच मेलं.

एकक न दिल्यास व्हर्श आकडा केआयबीमध्ये (१०२४ बाइटचं एकक) धरतं. तुम्ही त्याला ४ एमबीवर आणलंत. ‘व्हर्श सेटमेम वेब१ ४जी’ लगेच द्या (‘जी’ मोठा). गेस्ट सावरला नाही तर डिस्ट्रॉय आणि स्टार्ट. चालू मशीनवर, काही पर्याय न देता केलेला बदल प्रोसेसपुरताच असतो, व्याख्येत जुनाच आकडा आहे, म्हणून मशीन पूर्वीच्या मेमरीसह उठेल. बदल टिकायला हवा असेल तर ‘--कॉन्फिग’, आत्ताही आणि नंतरही हवा असेल तर ‘--लाइव्ह --कॉन्फिग’ दोन्ही.

ठरलेल्या कमाल मर्यादेच्या वर सेटमेम जात नाही. ती वाढवायला मशीन बंद करून आधी ‘सेटमॅक्समेम … --कॉन्फिग’, मग ‘सेटमेम … --कॉन्फिग’.

प्रश्न : इमेज २० जीबीनं वाढवली, पण गेस्टमध्ये ‘डीएफ’ जुनाच आकडा दाखवतो.

वाढलेली आहे ती डिस्क. आतलं पार्टिशन आणि त्यातली फाइल सिस्टिम अजून तेवढीच आहे, दोन्ही वेगळी वाढवावी लागतात. गेस्टमध्ये ‘एलएसब्लक’ पाहा. रूट समजा व्हीडीए२ वर आहे :

सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/व्हीडीए २
सुडो रीसाइझ२एफएस /डेव्ह/व्हीडीए२

पहिल्या कमांडमध्ये ‘व्हीडीए’ आणि ‘२’ यांच्यात मोकळी जागा आहे, दुसरीत नाही. बहुतेकांचं तिथेच अडतं. फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल तर दुसऱ्या ओळीऐवजी ‘एक्सएफएस_ग्रोएफएस /’. एलव्हीएम असेल तर ग्रोपार्टनंतर ‘पीव्हीरीसाइझ’ आणि मग ‘एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००%फ्री’ (‘फ्री’ मोठ्या अक्षरांत). -आर मुळे फाइल सिस्टिमही सोबत वाढते.

ग्रोपार्टनं ‘नो चेंज’ म्हटलं तर रूटच्या मागे बहुधा स्वॅपचं पार्टिशन बसलेलं असतं. स्वॅप बंद करून ते पार्टिशन काढा, /ईटीसी/एफएसटॅबमधली त्याची ओळ हटवा, रूट वाढवा आणि स्वॅप फाइलच्या रूपात परत द्या.

चालू मशीनची डिस्क वाढवायला ‘व्हर्श ब्लॉकरीसाइझ वेब१ व्हीडीए ६०जी’ आहे. इथला आकडा एकूण आकाराचा आहे, वाढीचा नाही. ६० च्या डिस्कला चुकून २० दिलंत तर शेपटाकडचे ४० कापले जातात. बंद मशीनवर ‘क्यूएमू-आयएमजी रीसाइझ’ला ‘+२०जी’ देता येतं, त्यात ही भीती नाही.

प्रश्न : होस्ट रीबूट झाला की मशीन चालू होत नाही, ‘नेटवर्क डिफॉल्ट चालू नाही’ अशी चूक येते.

व्हर्श नेट-स्टार्ट डिफॉल्ट
व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डिफॉल्ट
व्हर्श ऑटोस्टार्ट वेब१

पहिली आत्तापुरती, बाकीच्या कायमच्या. नेट-स्टार्टच ‘आधीच वापरात’ म्हणून अडलं तर होस्ट स्वतः एखाद्या मशीनच्या पोटात आहे का पाहा : बाहेरचं आणि आतलं दोन्ही लिबव्हर्ट १९२.१६८.१२२.० हेच जाळं मागतात. ‘नेट-एडिट डिफॉल्ट’मध्ये १२२ चे सगळे उल्लेख १२३ करा. मशीनं चालू असताना ‘नेट-डिस्ट्रॉय’ मात्र देऊ नका. इथेही नाव फसवं आहे : व्याख्या राहते, पण ब्रिज जातो, आणि नेटवर्क परत चालू केलं तरी आधीपासूनची मशीनं त्याला आपोआप जोडली जातीलच असं नाही. मग प्रत्येक मशीन बंद-चालू करावं लागतं.

प्रश्न : कर्नल अपडेटनंतर व्हर्च्युअलबॉक्सची मशीनं उठत नाहीत, ‘व्हीएमएक्स रूट मोड’ असा काही उल्लेख येतो. केव्हीएम मी वापरतही नाही.

तुम्ही वापरत नसलात तरी त्याचं मॉड्यूल लोड झालेलं असतं. लिनक्स ६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय ताब्यात घेतं. पूर्वी पहिलं मशीन चालू होईपर्यंत थांबायचं. व्हर्च्युअलबॉक्सला मग ती मिळत नाही. आत्तापुरतं ‘सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’ (एएमडीवर केव्हीएम_एएमडी). कायमचं करायला कर्नलच्या ओळीत ‘केव्हीएम.इनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०’ घाला. यानं केव्हीएम निकामी होत नाही, जुन्या पद्धतीनं गरज पडेल तेव्हाच ताबा घेतं. दोन्हींची मशीनं एकाच वेळी चालवायचा प्रयत्न मात्र करू नका.